ग्राफिक कार्ड घेण्याआधी कॅबिनेट उघडा

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या एखाद्या संगणकाच्या दुकानाच्या काउंटरपाशी शनिवारी संध्याकाळी दहा मिनिटे उभे राहिले, की एक वाक्य हमखास कानांवर पडते : "पंधरा हजारांत चांगलं ग्राफिक कार्ड कोणतं?" दुकानदार उत्तरही लगेच देतो, कारण पंधरा हजारांचे काही ना काही त्याच्या फळीवर असतेच. परंतु गेमची चित्रे रंगवणारे ते कार्ड ज्या संगणकात बसणार आहे त्याचा एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, किती ताकदीचा आहे, मदरबोर्ड या मुख्य पाटीवरचा कार्ड बसवण्याचा स्लॉट कोणत्या पिढीचा आहे, प्रोसेसर कोणता आणि मॉनिटर केवढा, यांतले काहीच त्या बोलण्यात येत नाही. आणि बेताच्या पैशांत कार्ड घेणाऱ्याचा तोटा होतो तो बहुतेक वेळा इथेच. पंधरा हजारांच्या कार्डापायी पुढे साडेतीन हजारांचा एसएमपीएस आणि चार हजारांचे कॅबिनेट घ्यावे लागले, तर ते कार्ड साडेबावीस हजारांना पडले, असाच हिशोब धरला पाहिजे.

म्हणून इथला क्रम दुकानातल्या क्रमाच्या उलट ठेवला आहे. आधी गेम आणि मॉनिटर, मग वीज, मग स्लॉट, आणि या चाळणीतून जी कार्डे खाली उतरतील त्यांचा विचार सगळ्यांत शेवटी. तोवर यादी इतकी आखूड झालेली असते, की फारसे डोके खाजवावे लागत नाही.

गरज केवढी आहे

१०८० पी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मॉनिटरवर सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके असतात, तर १४४० पीच्या मॉनिटरवर ते सुमारे ३६ लाख ८६ हजार होतात. याचा अर्थ असा, की मॉनिटर बदलताच त्याच कार्डाला प्रत्येक चित्रासाठी पावणेदोन पटींहून अधिक ठिपके रंगवावे लागतात. कमी खर्चाच्या कार्डाचे खरे घर १०८० पी हेच आहे, आणि जवळ तोच मॉनिटर असेल तर तो बदलण्याचा मोह या वेळी आवरलेला बरा. मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल, तर तो सेकंदाला ६० वेळाच चित्र बदलतो; कार्डाने १२० चित्रे तयार केली, तरी हाताला किंचित चपळपणा जाणवेल, डोळ्यांना मिळणारी चित्रे तेवढीच राहतील.

गेमचेही तसेच. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ यांसारखे स्पर्धात्मक गेम कार्डापेक्षा प्रोसेसरवर जास्त भार टाकतात, आणि जो मुलगा दिवसभर तेवढेच खेळतो, त्याच्यासाठी महागडे कार्ड घेणे म्हणजे गल्लीतल्या क्रिकेटसाठी लेदरचा चेंडू आणण्यासारखे आहे. रायझन ५ ५६००जीसारख्या प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स असते आणि ते रॅमच्याच वेगावर चालते. अशा संगणकात रॅमची एकच पट्टी असेल, तर तिच्याच जोडीची दुसरी पट्टी बसवून रॅम दोन चॅनलवर आणणे हा कोणत्याही कार्डापेक्षा स्वस्त उपाय आहे. तो आधी करून पाहावा. पुष्कळांची गरज तिथेच भागते.

ज्यांच्याकडे आधीपासून कार्ड आहे आणि ते बदलायचे आहे, त्यांनी एक साधी चाचणी घरीच करावी. नेहमीचा गेम नेहमीच्या सेटिंगवर चालवून सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रे, मिळतात ते टिपून ठेवावे, आणि मग बाकी काही न हलवता रिझोल्यूशन १०८० पीवरून ७२० पीवर आणावे. फ्रेम भरभर वाढल्या, तर अडत होते ते कार्ड. फ्रेम जिथल्या तिथे राहिल्या, तर गाडे प्रोसेसरपाशी अडले आहे आणि नवे कार्ड घेऊन हाती फारसे काही लागणार नाही. या पाच मिनिटांच्या चाचणीने माझ्या ओळखीतल्या दोघांचे कार्डाचे पैसे वाचवले आहेत.

एसएमपीएसचे लेबल वाचणे

हा भाग सावकाश वाचावा, कारण पैसे वाया जाण्याच्या जागांपैकी सर्वांत मोठी जागा ही आहे.

माझ्या भाच्याने गेल्या वर्षी कार्ड घ्यायचे ठरवले तेव्हा त्याचे म्हणणे होते, "मामा, माझा एसएमपीएस साडेचारशे वॅटचा आहे, काही अडचण नाही." कॅबिनेटसोबत फुकट आलेला तो एसएमपीएस होता आणि त्यावर ४५० हा आकडा खरोखरच ठसठशीत छापलेला होता. कॅबिनेटची बाजूची झडप काढून आम्ही मोबाइलच्या उजेडात लेबलवरचा तक्ता वाचला. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड यांना लागणारी वीज जवळजवळ सगळी १२ व्होल्टच्या वाहिनीतून येते, आणि त्या रकान्यात लिहिले होते १४ अँपिअर. बारा गुणिले चौदा म्हणजे १६८ वॅट. त्याला हवे होते एएमडीचे आरएक्स ६६००, ज्याचा अधिकृत वापर १३२ वॅट आहे; प्रोसेसर ६५ वॅटचा. दोन्ही मिळून १९७ झाले, आणि हार्ड डिस्क व पंखे अजून मोजायचेच होते. चांगल्या प्रतीच्या ४५० वॅटच्या एसएमपीएसवर याच रकान्यात ३५ अँपिअरच्या आसपास आकडा दिसतो. म्हणजे ४५० या नावाखाली प्रत्यक्षात त्याच्या निम्मीही ताकद त्या डब्यात नव्हती.

तेव्हा मोठ्या अक्षरांकडे न पाहता १२ व्होल्टचा रकाना पाहावा, अँपिअरला बाराने गुणावे, आणि प्रोसेसर व कार्ड यांची बेरीज त्या उत्तराच्या पाऊणपटीच्या आत राहील असे पाहावे. वीजजोडही मोजून घ्यावेत. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, सहा पिनांच्या जोडातून आणखी ७५ आणि आठ पिनांच्या जोडातून १५०. एसएमपीएसमधून ग्राफिक कार्डासाठीची आठ पिनांची वायर निघतच नसेल, तर तो एसएमपीएस त्या कामाचा नाही, असे समजावे. दुकानदार शे-दीडशे रुपयांत हार्ड डिस्कच्या वायरीवरून आठ पिना काढून देणारा जोड देऊ करील. तो घेऊ नये. त्या बारीक वायरींतून एवढा प्रवाह खेचला, की प्लास्टिक वितळू शकते.

वीज वारंवार जाते अशा गावांत यूपीएसचाही विचार करावा लागतो. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटपर्यंत भार पेलतो. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०६०सारखे ११५ वॅटचे कार्ड, ६५ वॅटचा प्रोसेसर आणि मॉनिटर मिळून होणारा भार त्यात बसतो, आणि गेम जतन करून संगणक नीट बंद करण्यापुरती मिनिटे मिळतात. दोनशे वॅटच्या जवळ जाणाऱ्या कार्डाला मात्र तो काठावर येतो, आणि वीज गेल्याक्षणी यूपीएस टीं टीं करून सगळेच बंद पाडतो. कमी वॅटचे कार्ड हे कमी खर्चात जास्त मोलाचे का ठरते, ते इथे कळते. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात बंद खोलीचे तापमानच चाळिशीला टेकते आणि कार्ड थंड होते ते त्याच हवेने, त्यामुळे तिथे एका पंख्याच्या आखूड कार्डापेक्षा दोन पंख्यांचे कार्ड घ्यावे.

कार्यालयातून आलेला जुना संगणक

कंपन्यांनी काढून टाकलेले, दुरुस्त करून विकले जाणारे अरुंद कॅबिनेटचे संगणक आपल्याकडे स्वस्तात मिळतात आणि कॉलेजातली बरीच मुले त्यांवरच गेमिंग सुरू करतात. त्यांत तीन अडचणी एकदम येतात. कॅबिनेट बुटके असल्याने पूर्ण उंचीचे कार्ड बसत नाही. एसएमपीएस १८० ते २४० वॅटच्या आसपासचा असतो. आणि त्याचा आकार व जोड त्या कंपनीचे खास असल्याने बाजारातला दुसरा एसएमपीएस त्यात लागत नाही. इथे वेगळा वीजजोड न मागणारे, अर्ध्या उंचीचे कार्ड एवढाच मार्ग उरतो. ४ जीबीचे जीटीएक्स १६५० आणि ६ जीबीचे आरटीएक्स ३०५० या दोन्हींमध्ये अशी रूपे निघालेली आहेत. दुसरे फेब्रुवारी २०२४ मध्ये आले, ते ७० वॅटवर चालते, आणि अशा संगणकासाठी मी आज तेच सुचवीन. १६५० घेताना मात्र फोटो नीट पाहावा, कारण त्याच्या काही रूपांना सहा पिनांचा जोड लागतो. आणि जोडीला टेप घेऊन स्लॉटपासून पुढच्या जाळीपर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजून ठेवावी.

स्लॉटची पिढी

कार्डाची लांब पट्टी स्लॉटमध्ये पूर्ण बसली, तरी तिच्यातल्या सगळ्या मार्गिका, म्हणजे माहिती ये-जा करण्याच्या वाटा, वापरात असतातच असे नाही. आरटीएक्स ४०६०, आरएक्स ६६०० आणि आरएक्स ७६०० ही कार्डे सोळापैकी आठच मार्गिका वापरतात, आणि जानेवारी २०२२ मध्ये आलेले आरएक्स ६५०० एक्सटी तर फक्त चार. चौथ्या पिढीच्या स्लॉटवर (या स्लॉटचे नाव पीसीआय एक्स्प्रेस) हे खपून जाते. तिसऱ्या पिढीच्या स्लॉटवर मार्गिकेचा वेग निम्मा होतो. आठ मार्गिकांच्या कार्डाला त्याचा फारसा त्रास होत नाही, पण ६५०० एक्सटी तिथे पांगळे होते. शिवाय त्यात ४ जीबीच मेमरी आहे आणि खेळ रेकॉर्ड करण्यासाठी लागणारा एन्कोडरही नाही. ते कितीही स्वस्त दिसले तरी मी कोणाला घेऊ देत नाही.

आपला स्लॉट कोणता, हे मदरबोर्डवरून आणि प्रोसेसरवरूनही ठरते, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. इंटेलच्या दहाव्या पिढीपर्यंतच्या प्रोसेसरवर तिसरी पिढीच मिळते. एएमडीच्या बी४५० बोर्डावरही तिसरीच. आणि बी५५० बोर्ड घेऊन त्यावर रायझन ५ ५५०० किंवा ५६००जी बसवला असेल, तर बोर्ड चौथ्या पिढीचा असूनही ग्राफिक कार्डाचा स्लॉट तिसऱ्याच पिढीने चालतो, कारण मर्यादा त्या प्रोसेसरांची आहे.

इंटेलचे आर्क बी५८० हे डिसेंबर २०२४ मधले १२ जीबीचे कार्ड कागदावर फार आकर्षक दिसते, आणि नव्या संगणकात ते खरोखर चांगलेही आहे. पण त्याला रिसाइझेबल बार नावाची, प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वाचू देणारी सोय चालू असावी लागते, जी जुन्या बोर्डांच्या बायोसमध्ये, म्हणजे त्यांच्यातल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, नसते, आणि जुन्या प्रोसेसरांवर या कार्डाचा वेग इतर कंपन्यांच्या कार्डांपेक्षा जास्त घसरतो. चार-पाच वर्षांपूर्वीच्या संगणकात नवा जीव ओतायचा असेल, तर हे कार्ड त्या कामाचे नाही.

एक नाव, दोन वस्तू

आता कार्डाकडे वळू. इथे पहिली सवय लावून घ्यायची ती नावावर विश्वास न ठेवण्याची. जीटी १०३० या नावाने २०१७ मध्ये आलेल्या कार्डात जीडीडीआर५ मेमरी होती आणि ती सेकंदाला ४८ जीबी माहिती हलवत असे. पुढच्याच वर्षी त्याच नावाने डीडीआर४ मेमरीचे कार्ड आले, आणि हा आकडा १७च्याही खाली गेला. जीटीएक्स १०६० हे ३ आणि ६ जीबीमध्ये मिळे, पण फरक मेमरीपुरता नव्हता. लहान कार्डात कोअर, म्हणजे गणिते करणारे भागही, कमी होते. आरटीएक्स ३०५० चे ८ जीबीचे रूप १२८ बिटांच्या बसचे (बस म्हणजे मेमरीकडे जाणारी वाट, बिट म्हणजे तिची रुंदी) आणि १३० वॅटचे, तर ६ जीबीचे रूप ९६ बिटांचे आणि ७० वॅटचे. आरटीएक्स ३०६० चे १२ जीबीचे कार्ड १९२ बिटांचे आहे आणि मागाहून आलेले ८ जीबीचे १२८ बिटांचे. आरएक्स ५८० मध्ये २३०४ स्ट्रीम प्रोसेसर (एएमडीच्या कोअरांचे नाव) असायला हवेत, पण ऑनलाइन विक्रीत स्वस्तात दिसणाऱ्या अनेक कार्डांत २०४८ असतात, आणि ही गोष्ट वर्णनाच्या शेवटच्या ओळींत कुठेतरी दडलेली असते.

यावर उपाय एकच आहे. मेमरी किती जीबीची, कोणत्या प्रकारची, बस किती बिटांची, कोअर किती आणि वॅट किती, हे पाच आकडे कागदावर उतरवावेत, उत्पादकाच्या संकेतस्थळावरच्या तक्त्याशी ताडून पाहावेत, आणि तोच कागद घेऊन दुकानात जावे.

नव्या कार्डात मेमरी ८ जीबीपेक्षा कमी घेऊ नये. अपवाद फक्त वर सांगितलेल्या बुटक्या कॅबिनेटचा. कार्डावरची मेमरी भरली, की उरलेला माल स्लॉटमधून संगणकाच्या रॅममध्ये ये-जा करू लागतो. तेव्हा सरासरी फ्रेम ठीक दिसतात, पण वळणावर वळताना खेळ गचके खातो किंवा भिंतींवरची नक्षी धूसरच राहते. तिसऱ्या पिढीच्या स्लॉटवर हे गचके अधिक जाणवतात. २०२५ मध्ये आलेली आरटीएक्स ५०६० टीआय आणि आरएक्स ९०६० एक्सटी ही कार्डे ८ आणि १६ जीबी अशा दोन रूपांत आहेत, आणि कार्ड चार-पाच वर्षे वापरायचे असेल तर वरचे पैसे १६ जीबीवर घालावेत.

यूट्यूबवरच्या तुलना पाहताना सरासरी फ्रेमपेक्षा सर्वांत मंद एक टक्का फ्रेमचा आकडा पाहावा, कारण गचके तिथे दिसतात. चाचणीतला प्रोसेसर आपल्या प्रोसेसरच्या जवळपासचा आहे ना, आणि आकडा फ्रेम जनरेशन, म्हणजे कार्डाने मध्ये आपली चित्रे भरण्याची सोय, लावून काढलेला नाही ना, हेही तपासावे. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाने व्यासपीठावरून आरटीएक्स ५०७० हे ४०९० इतके काम करील असे सांगितले, तेव्हा त्यातली बरीचशी चित्रे कार्डाने मध्ये भरलेली होती. मुळात ३० फ्रेम मिळत असतील, तर मध्ये चित्रे भरून आकडा वाढतो, पण माउस हलवल्यावर होणारा उशीर कमी होत नाही. डीएलएसएस किंवा एफएसआर वापरून कमी रिझोल्यूशनचे चित्र मोठे करणे ही वेगळी गोष्ट आहे आणि स्वस्त कार्डांना तिचा खरा उपयोग होतो. पण ती तुलनेत धरताना दोन्ही कार्डांना सारखीच लावलेली असावी.

हे सगळे पाहून झाले, की दुकानातल्या त्या दिवसाच्या किमतीला मिळणाऱ्या फ्रेमने भागावे. प्रत्येक फ्रेमला किती रुपये पडले, हे कळते, आणि किमती दर आठवड्याला हलत असल्या तरी ही रीत हलत नाही. माझा कल सांगायचा तर साध्या संगणकासाठी, स्वस्तात मिळाले तर, आरएक्स ६६००; वीज आणि उष्णता यांची अडचण असेल तर आरटीएक्स ४०६०; आणि त्याच्यावर जायचे असेल तर १६ जीबीशिवाय जाऊ नये.

जुने कार्ड घेताना

१५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाने आपली पद्धत बदलली आणि ग्राफिक कार्डांवर ते चलन काढण्याचा धंदा बसला. त्यानंतर रात्रंदिवस राबलेली कार्डे बाजारात ढिगाने आली. अशी कार्डे सरसकट टाकाऊ नसतात, पण पंखे आणि मेमरीचे पॅड झिजलेले असू शकतात. जुन्या कार्डांच्या बाबतीत यापेक्षा मोठा प्रश्न ड्रायव्हरचा, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा आहे. एनव्हिडियाने जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकांसाठी नव्या गेमांचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पासून थांबवले आहेत, फक्त सुरक्षेपुरते बदल मिळत राहतील. जीटीएक्स १६६० सुपर अजून ठीक आहे, तरी त्यात रे ट्रेसिंगचे, म्हणजे प्रकाशकिरणांचा हिशोब करून चित्र काढण्याचे, हार्डवेअर नाही, आणि २०२५ मधल्या डूम : द डार्क एजेससारख्या काही नव्या गेमांना ते लागतेच.

जुने कार्ड चालू संगणकात बसवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. जीपीयू-झेड हे फुकट सॉफ्टवेअर उघडावे. बायोस बदलून दुसऱ्याच नावाने विकलेले कार्ड ते बहुधा ओळखते आणि नावाआधी बनावट असल्याचा शेरा दाखवते. मग कार्डावर पूर्ण भार टाकणारे फरमार्क हे सॉफ्टवेअर पंधरा-वीस मिनिटे चालवून तापमान चढत चढत कुठे थांबते ते पाहावे, पंख्यांचा खरखराट ऐकावा, आणि पडद्यावर रंगीत ठिपके वा चौकटी उमटतात का यावर लक्ष ठेवावे. कोकणातून किंवा मुंबईच्या समुद्राकाठच्या घरातून आलेल्या कार्डाची मागची पत्र्याची पट्टी आणि एचडीएमआय जोडाची आतली बाजू टॉर्च लावून पाहावी. खाऱ्या हवेचा गंज आधी तिथे दिसतो. हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग, चकचकीत आणि पट्टीचे स्क्रू मात्र गंजलेले असतील, तर कार्ड धुऊन काढलेले आहे असे समजून पुढे जावे.

नवे असो वा जुने, जीएसटीचे बिल आणि त्यावर कार्डाचा सिरियल नंबर लिहून घ्यावा. अमेरिकेतल्या किंवा आखातातल्या नातेवाइकाकडून कार्ड मागवण्याची आपल्याकडे हौस आहे. किमतीत फरक पडतोही, पण ती वॉरंटी भारतात चालते का, हे त्या कंपनीच्या संकेतस्थळावर आधी वाचून मगच मागवावे.

भाच्याने शेवटी नवा एसएमपीएस घेतला आणि कार्ड जुन्या बाजारातून आरएक्स ६६०० घेतले, तेव्हा दोन्हींची बेरीज त्याच्या ठरवलेल्या रकमेतच बसली. कार्ड बसवल्यावर त्याने संध्याकाळी फोन केला, की फ्रेम तेवढ्याच आहेत, कार्ड खराब निघाले. मी त्याला संगणकाच्या मागचा फोटो पाठवायला सांगितले. मॉनिटरची वायर मदरबोर्डच्याच एचडीएमआयमध्ये होती, म्हणजे चित्र नव्या कार्डातून येतच नव्हते. ती काढून खालच्या, कार्डाच्या जोडात लावली.